बेचाळीसचे आकाश

मराठी माणसापुढे ‘बेचाळीस’ हा शब्द उच्चारला, की गवालिया टँकचे मैदान त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. कोणाला साताऱ्याचे पत्रीसरकार आठवते, तर आम्हां विदर्भाकडून इकडे आलेल्यांना चिमूर-आष्टी. आपल्या भाषेत या वर्षाला शतकाची जोड द्यावी लागत नाही. सुटीसाठी भिलाईच्या आमच्या क्वार्टरमध्ये आलेल्या नातवाने ‘आजोबा, नाइन्टीन फॉर्टी-टू खेळणार का?’ असे विचारले, तेव्हा मी चमकलो तो यामुळेच. त्याच्या बेचाळीसचा चले जावशी काडीचाही संबंध नव्हता. तो एक जुना विमानयुद्धाचा व्हिडिओ खेळ होता. उत्सुकतेपोटी मी तो चार दिवस खेळलो, आणि या कृतीचा विचार एखाद्या कलाकृतीसारखा गंभीरपणे करावा असे वाटू लागले.

‘१९४२’ हा खेळ जपानमधील ओसाका येथील कॅपकॉम या कंपनीने १९८४ साली बाजारात आणला. योशिकी ओकामोतो हे त्याचे रचनाकार. मुळात तो नाणे टाकून उभ्याने खेळावयाचा यंत्रखेळ. आता हातातल्या फोनवरही खेळता येतो. आपण वरून खाली पाहत असतो. खाली समुद्र आणि बेटे सरकत जातात, आणि पडद्याच्या तळाशी आपले एकुलते एक विमान असते. ते अमेरिकन बनावटीचे पी-३८ लाइटनिंग. समोरून येणारी विमाने जपानी. टप्पे एकूण ३२. त्यांचे आकडे उलटे मोजले जातात, आणि मिडवेपासून ओकिनावापर्यंतचा पॅसिफिक महासागर खेळणाऱ्याच्या अंगठ्याखालून जातो.

मर्ढेकरांनी सौंदर्याचा उलगडा लयीच्या आधारे केला, आणि संवाद, विरोध व समतोल ही लयीची तत्त्वे सांगितली. तो निकष येथे लावला, तर या खेळाची बाजू अनपेक्षितपणे बळकट ठरते. शत्रूची विमाने एका रांगेत येतात, वळतात, पुन्हा त्याच वळणाने परततात, हा संवाद. मध्येच एखादे विमान रांग मोडून पाठीमागून चाल करते, हा विरोध. आणि गोळ्यांनी पडदा भरून गेला, की आपले विमान एक कोलांटी घेऊन त्या गर्दीच्या वर निसटते आणि पुन्हा जागेवर येते, हा समतोल. कोलांटी मोजून दिलेली असते, म्हणूनच ती मोलाची ठरते. संगीत म्हणाल तर जवळजवळ नाहीच. तोफखान्याच्या ताशासारखी एक कडकड तेवढी चालू असते. इतक्या अल्प सामग्रीतून इतका बांधीव अनुभव उभा करणे सोपे नव्हे.

तपशिलाच्या चुका काढू म्हटले तर निघतात. प्रत्येक टप्प्याच्या आरंभी हे विमान विमानवाहू नौकेवरून उडते आणि अखेरीस तिच्यावरच उतरते. प्रत्यक्ष युद्धात पी-३८ जमिनीवरील धावपट्ट्यांवरूनच लढले. विक्रांत नौकेसाठी पोलादी पत्रे पाठविणाऱ्या कारखान्यांत आपली भिलाईही होती, तेव्हा अशा नौकेचे वजन काय असते हे येथील वाचकास सांगावयास नको. खेळातील नौका मात्र कागदाच्या होडीइतकी हलकी आहे. परंतु तपशिलाची चूक ही कलेची चूक नव्हे. माझी हरकत निराळीच आहे.

लाल विमानांची एक तुकडी सबंध पाडली, की पडद्यावर तीन इंग्रजी अक्षरे तरंगू लागतात: पी, ओ, डब्ल्यू. ती टिपली की आपले बळ वाढते. बंदुका दुप्पट होतात किंवा दोन साथीदार विमाने बाजूला येतात. खेळात ही अक्षरे ‘पॉवर’ची. युद्धाच्या दप्तरात हीच तीन अक्षरे युद्धकैद्यासाठी योजतात. ती पाहताच माझा अंगठा थबकला, आणि विमान पडले.

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली ज्या देशाच्या साहाय्याने पेटली, त्याच देशाची सुखोई-७ विमाने १९७१ च्या युद्धात आपले वैमानिक चालवीत होते. त्यांतील दोन मराठी नावे येथे सांगितलीच पाहिजेत. दिलीप परुळकर यांचे विमान १० डिसेंबरला पडले. ते रावळपिंडीच्या छावणीत कैदी झाले, १९७२ च्या ऑगस्टमध्ये दोन सोबत्यांसह भिंत फोडून निसटले, अफगाण सीमेच्या तोंडाशी पकडले गेले, आणि त्याच वर्षाअखेर मायदेशी परतले. विजय वसंत तांबे यांचे विमान त्याआधी पाच दिवस, ५ डिसेंबरला पडले. ते परतले नाहीत. बेपत्ता ५४ जणांच्या यादीत त्यांचे नाव राहिले. त्यांच्या पत्नी दमयंती, बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या, यांनी पुढची कित्येक दशके त्यांचा शोध घेण्यात घालविली. २००७ साली नातलगांचे एक शिष्टमंडळ पाकिस्तानातील तुरुंग पाहून रिकाम्या हातांनी परत आले. पडलेल्या विमानाचा खरा अर्थ असा असतो: ते पडद्यावरून नाहीसे होते, पण कोणाच्या तरी घरात पडतच राहते.

यावर रसिक म्हणतील, बुद्धिबळात मेलेल्या प्याद्यासाठी कोणी सुतक धरतो काय? आक्षेप रास्त आहे. केवळ खेळ म्हणून खेळाला जीवनमूल्यांच्या तराजूत घालणे हा अन्यायच होईल. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा जुना वाद मला येथे उकरून काढावयाचा नाही. पण बुद्धिबळाने आपल्या पटावर कोणतेही वर्ष लिहिले नाही, कोणत्याही बेटाचे नाव घेतले नाही. या खेळाने दोन्ही केले. शीर्षकात इतिहास उसना घ्यावयाचा आणि त्याचे ऋण मात्र नाकारावयाचे, ही गोष्ट कलेच्याच न्यायाने उणी ठरते. त्यात रचनाकार जपानी, आणि पाडावयाची विमानेही जपानी! पाश्चात्त्य ग्राहकाला रुचावे म्हणून हे केले असेल, तर तो व्यापार झाला. आपल्याच पराभवाकडे दुरून पाहण्याचे धैर्य त्यात असेल, तर ते थोर होय. परंतु त्या धैर्याची एकही खूण पडद्यावर उमटलेली नाही. पडणाऱ्या विमानाला ना नाव, ना छत्री, ना मागे राहिलेले कोणी. त्याला फक्त गुण आहेत.

म्हणून माझा अभिप्राय असा: लयीच्या दृष्टीने ‘१९४२’ ही निर्दोषाच्या जवळ जाणारी कृती आहे; तिचे नाव तेवढे तिला पेलवलेले नाही. ‘समुद्रावरचे विमान’ असे काही साधे नाव तिने घेतले असते, तर मी तिची निव्वळ स्तुतीच केली असती.

नातवाला मी परुळकरांची हकीकत सांगितली. ती त्याने डोळे विस्फारून ऐकली. मग तांब्यांची सांगितली. ‘पुढे काय झाले?’ त्याने विचारले. ‘ठाऊक नाही,’ मी म्हणालो. त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून आणखी दोन टप्पे पार केले. कोलांटी त्याची माझ्यापेक्षा फारच सुरेख आहे.