‘दर तीस मिनिटांनी’ : एका अहवालातील आकड्यांचे परीक्षण

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या विधी विद्यालयातील मानवी हक्कविषयक केंद्राने २०११ मध्ये भारतातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर एक अहवाल प्रसिद्ध केला. ‘दर तीस मिनिटांनी’ या अर्थाचे त्याचे शीर्षक होय. कापूस-उत्पादकाचा मृत्यू हा केवळ कृषि-अर्थशास्त्राचा विषय नसून जीविताच्या, अन्नाच्या आणि दाद मागण्याच्या हक्काचा प्रश्न आहे, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. अमरावती-अकोल्याकडील अभ्यासकास ते सहज पटण्यासारखे आहे. तथापि शीर्षकाचा आधार असलेला आकडाच सदोष आहे.

२००९ या एका वर्षात १७,६३८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केली, असे अहवाल सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा त्या वर्षाचा आकडा १७,३६८ असा आहे. सहा आणि तीन या अंकांची अदलाबदल झालेली उघड दिसते. फरक २७० मृत्यूंचा. प्रतिपादन यामुळे ढळत नाही, कारण खऱ्या आकड्यानेही दोन मृत्यूंमधील सरासरी अंतर तीस मिनिटांपेक्षा किंचितच अधिक येते. परंतु म्हणून ही चूक क्षुल्लक मानणे योग्य नव्हे. ज्यांना मूळ प्रश्नच नाकारावयाचा असतो, त्यांना असा एक अंक पुरतो.

दुसरा दोष अहवालाचा नव्हे, त्याचा आधार घेणाऱ्यांचा. ‘दर तीस मिनिटांनी’ हे विधान २००९ या वर्षापुरते आणि सबंध देशापुरते खरे आहे. ते वऱ्हाडास लावता येत नाही. त्या वर्षी महाराष्ट्रातील नोंद २,८७२ होती. म्हणजे सुमारे तीन तासांस एक. ही संख्या कमी भीषण आहे काय? मुळीच नाही.

याच्या उलट दिशेची चूक २०१४ च्या आकड्यांबाबत घडली. २०१३ मध्ये देशात ११,७७२ आणि २०१४ मध्ये ५,६५० हे आकडे शेजारी ठेवले, तर आत्महत्या निम्म्याहून अधिक घटल्याचा भास होतो. वस्तुतः त्या वर्षी वर्गीकरण बदलले. शेतमजूर वेगळे दाखविण्यात आले व त्यांची संख्या ६,७१० होती. दोन्हींची बेरीज १२,३६० होते. महाराष्ट्रातही २,५६८ शेतकरी आणि १,४३६ शेतमजूर मिळून ४,००४ मृत्यू भरतात. आदल्या वर्षीचा आकडा ३,१४६ होता. बदललेल्या वर्गामुळे दोन वर्षांची तुलना काटेकोर राहत नाही हे खरे. पण घट झाली असा निष्कर्ष तर मुळीच निघत नाही.

वऱ्हाडापुरता अधिक गंभीर प्रश्न ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ या दोन शब्दांचा आहे. अमरावती विभागीय आयुक्त कार्यालयात २००१ पासूनच्या प्रकरणांची नोंद आहे. डिसेंबर २००५ च्या शासन निर्णयानंतर एक लाख रुपयांच्या साहाय्यासाठी शेतजमीन, मान्य संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे थकीत कर्ज आणि वसुलीचा तगादा या कसोट्या लावल्या गेल्या. अर्थात ‘अपात्र’ याचा अर्थ साहाय्यास अपात्र एवढाच. तो मृत शेतकरी नव्हता असा नव्हे. असे असता वृत्तलेखनात कधी केवळ पात्र प्रकरणे एकूण म्हणून येतात, कधी अपात्र प्रकरणे बनावट म्हणून. मक्त्याने शेत करणारा, नातलगाकडून उसनवारी करणारा, किंवा सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरी स्त्री यांचे मृत्यू या गल्लतीत दोनदा नाहीसे होतात : प्रथम कार्यालयात, मग छापील मजकुरात.

येथे २०११ च्या अहवालाला त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. जमिनीची मालकी नसल्याने स्त्रिया, दलित व आदिवासी शेतकरी गणनेबाहेर राहतात, हे त्याने स्पष्टपणे मांडले आहे. त्यातील अंकदोष दुरुस्त करताना हा भाग वगळून चालणार नाही. आणि पोलिसी नोंदीवर आधारलेली ब्युरोची गणना व साहाय्याच्या निकषांवर आधारलेली आयुक्तालयाची गणना एकाच कोष्टकात मांडणाऱ्याने कोणता स्तंभ कोठून आला, हे प्रत्येक वेळी लिहिले पाहिजे.