आधी स्वीडिशमधून ऐका

चिंचवडला एसकेएफचा बेअरिंगचा कारखाना आहे. दापोडीला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत अल्फा लावल, सँडविक, ॲटलस कॉप्को. ही सगळी मूळची स्वीडिश नावं. या कारखान्यांच्या भोंग्यांवर इथल्या कितीतरी घरांची घड्याळं चालली. एसकेएफ म्हणजे ‘स्वेन्स्का कुल्लागरफाब्रिकेन’, म्हणजे स्वीडिश बॉल बेअरिंगचा कारखाना. स्टोअरमधल्या खोक्यांवर ही तीन अक्षरं मी वर्षानुवर्षं पाहत आलो. पण ज्या भाषेतली ती अक्षरं, ती भाषा कानावर कधी पडली नव्हती. ती पहिल्यांदा ऐकली कंपनीच्या बसमध्ये, निगडीहून चाकणला जाताना, हेडफोनमधून.

अल्बमचं नाव ‘इन कौदा वेनेनम’. बँड ओपेथ, स्टॉकहोमचा, 1990 साली सुरू झालेला. प्रोग्रेसिव्ह मेटल ऐकणाऱ्यांना हे नाव नवं नाही. गायक, गिटारवादक आणि मुख्य रचनाकार मिकाएल ओकरफेल्ट. 27 सप्टेंबर 2019 रोजी हा तेरावा अल्बम दोन रूपांत आला. वाद्यं तीच, चाली त्याच, दहा गाणी तीच; एकात शब्द स्वीडिश, दुसऱ्यात इंग्रजी. मुलींना शाळेत सोडायला जाताना गाडीतच स्वीडिशमध्ये गाण्याची कल्पना सुचली, असं ओकरफेल्टनं सांगितलं आहे. आधी स्वीडिश झालं. परकी भाषा ऐकून लोक बिचकतील म्हणून इंग्रजी नंतर केलं. हा क्रम लक्षात ठेवायचा, कारण ऐकणाऱ्यांचे सगळे वाद याच क्रमाभोवती फिरतात.

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस पुण्यात एनएच7 वीकेंडर हा संगीत महोत्सव झाला. अल्बम येऊन दोन महिने होतात न होतात तोच ओपेथ पुण्यात आले. त्या आठवड्यात आमच्या बसमध्ये दुसरा विषय नव्हता. अल्बमची लांबी सुमारे 68 मिनिटं. नाशिक फाटा, भोसरी, मोशीचा इंद्रायणीवरचा पूल, कुरुळी, आळंदी फाटा करत तळेगाव चौकात अडकलं की 68 मिनिटं कधी सरली ते कळत नाही. त्यामुळे अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही गाणं न गाळता ऐकायची सवय आम्हाला या रस्त्यानंच लावली.

टूलरूममधला मित्र पहिल्याच दिवशी रुसला. तो ‘ब्लॅकवॉटर पार्क’च्या काळातला श्रोता. 2001 सालच्या त्या अल्बममध्ये पोटातून येणारी घोगरी गर्जना आहे. मेटल ऐकणारे तिला ‘ग्रोल’ म्हणतात. 2011च्या ‘हेरिटेज’पासून ओपेथनं ती सोडली होती, इथंही ती नव्हती. “डायला हार्डनिंगच केलेलं नाही भावा. फिनिश सुंदर, पण टिकणार नाही,” तो म्हणाला. क्वालिटी लॅबमधल्या सहकारी मॅडमना इंग्रजी आवृत्ती आवडली. “गाणं काय म्हणतंय ते कळल्याशिवाय मला त्यात शिरता येत नाही,” हे त्यांचं म्हणणं. दोघांचंही मला पटत होतं आणि तरी मी रोज स्वीडिशच लावत होतो. का, ते मला शब्दांत सांगता येत नव्हतं.

ते सांगितलं मशिन शॉपच्या काकांनी. काका आळंदीकडचे, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. एका संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मी त्यांना एकच गाणं दोन्ही भाषांतून ऐकवलं. कोणती आवृत्ती आधीची ते सांगितलं नव्हतं. चिंबळी फाट्यापर्यंत काका डोळे मिटून होते. मग म्हणाले, “ह्या दुसऱ्यात तो शब्द उचलून ठेवतोय. पहिल्यात शब्द आपसूक पडतायत.” पहिली आवृत्ती स्वीडिश होती. त्यांनी तक्रारही केली: “मागं गर्दी फार झालीय. व्हायोलिनं जरा कमी असती तर माणूस अजून जवळ आला असता.”

काकांनी जे कानानं ओळखलं ते मी नंतर शीर्षकांत शोधलं. दोन्ही आवृत्त्यांची नावं शेजारी ठेवली की अल्बमचं मर्म उघडतं. चौथं गाणं इंग्रजीत ‘नेक्स्ट ऑफ किन’, म्हणजे जवळचा नातलग. कामावर रुजू होताना नॉमिनीच्या फॉर्ममध्ये जो रकाना भरतो, त्यातला कोरडा शब्द. स्वीडिशमध्ये ते ‘दे नर्मास्त सोर्यान्दे’ आहे. म्हणजे मृताच्या सर्वांत जवळचे, शोक करणारे. निधनाच्या बातमीत वापरायचा हा रूढ शब्दप्रयोग. आपल्या चौकाचौकांत भावपूर्ण श्रद्धांजलीचे फलक लागतात, त्यांवर तळाशी ‘शोकाकुल’ लिहून नावं असतात. तोच हा शब्द. इंग्रजी नाव नातं सांगतं आणि थांबतं. स्वीडिश नावात घरातली माणसं डोळे पुसत उभी आहेत. तंतुवाद्यांच्या जड लाटा गाण्यात येतात, त्या या दुसऱ्या नावाच्या आहेत.

सातव्या गाण्यात तर दोन नावं एकमेकांच्या विरोधात उभी राहतात. इंग्रजी नाव ‘युनिव्हर्सल ट्रूथ’, वैश्विक सत्य. स्वीडिश नाव ‘इंगेन सानिंग एर आल्लास’, म्हणजे कुठलंच सत्य सगळ्यांचं नसतं. संगीत तेच, सूर तेच, आणि वरची पाटी उलटी. हे गाणं एका चालीवर ठाम राहत नाही. एक भाग रंगात येतो न येतो तोच तंतुवाद्यं त्याला बाजूला सारतात आणि नवा भाग सुरू होतो. स्वीडिश नाव वाचून ऐकलं की ही चंचलता अर्थपूर्ण होते: प्रत्येकाचं सत्य दोन घटका बोलतं आणि दुसऱ्याला जागा देतं.

शेवटच्या गाण्यात तफावत बारीक आहे, म्हणून जास्त बोचते. इंग्रजीत ‘ऑल थिंग्ज विल पास’: हेही दिवस जातील, असा खांद्यावर ठेवलेला हात. स्वीडिशमध्ये ‘आल्तिंग तार स्लूत’: सगळं संपतं. तीन शब्द, कुठलाही दिलासा नाही. संथ, जड पावलांनी चालणारं हे गाणं शेवटाकडे जातं तेव्हा ओकरफेल्टचा आवाज वर चढतो, पण आधार मागत नाही. अल्बमच्या लॅटिन नावाचा अर्थ ‘शेपटीत विष’, म्हणजे नांगी शेवटी. ती नांगी इथं आहे आणि ती फक्त स्वीडिशमध्येच लागते.

दुसरं गाणं ‘स्वेकेट्स प्रिन्स’, विश्वासघाताचा राजपुत्र. इंग्रजीत त्याचं नाव ‘डिग्निटी’. सुरुवातीला गिटारची लांब, डोळ्यांत पाणी आणणारी तान, मग सगळं शांत होतं आणि एक जुना ध्वनिमुद्रित आवाज बोलतो. तो स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांचा. 28 फेब्रुवारी 1986 रोजी स्टॉकहोमच्या रस्त्यावर गोळी घालून त्यांची हत्या झाली. आपल्याकडे यशवंतराव चव्हाणांचा आवाज अचानक एखाद्या गाण्यात ऐकू आला तर घरातली थोरली माणसं जशी थबकतील, तसे त्या देशातले श्रोते इथं थबकत असणार. आपल्याला तो आवाज ओळखू येत नाही. तरीही कुणीतरी मोठं माणूस आपल्या लोकांशी मायेनं बोलतंय एवढं कळतं, आणि पुढं येणारं गाणं त्या मायेच्या सावलीत ऐकलं जातं.

लॅबमधल्या मॅडमचा प्रश्न मात्र उरतोच: शब्द कळत नाहीत तर शिरायचं कसं? त्याचं उत्तर मराठी श्रोत्याच्या कानातच आहे. पुण्यात दरवर्षी डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला माणसं तासन् तास बसतात. बडा ख्याल सुरू होतो, बंदिश बहुतेकदा ब्रजभाषेतली. विलंबित लयीत एकेक अक्षर इतकं ताणलं जातं की शब्द ओळखणं अवघड. तरी सूर लागला की मंडपातून दाद येते, आणि गायक आज मनापासून गात नसेल तर तेही सगळ्यांना कळतं. म्हणजे भाषा पूर्ण न कळता गाण्याचा खरेपणा ओळखायची विद्या आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. ती घेऊनच ओपेथकडे जायचं.

आणि मातृभाषेत गाण्यानं काय साधतं, हे आळंदी-देहूच्या मधल्या या पट्ट्याला वेगळं सांगायला नको. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये गीतेचा अर्थ मराठीत आणला. ग्रंथाचं नाव ‘भावार्थदीपिका’ संस्कृत आहे, आत ओवी मराठी. ओपेथच्या अल्बमवर लॅटिन नाव आणि आत स्वीडिश गाणी पाहिली तेव्हा मला हे आठवलं. दोघांची उंची तोलायचा इथं हेतू नाही, पण ओढ तीच आहे: प्रतिष्ठेची भाषा दारावर ठेवायची आणि आत जाऊन घरच्या भाषेत बोलायचं. मुंबईच्या ‘कोशिश’ बँडनं 2013 साली ‘फिरदौस’ हा प्रोग्रेसिव्ह रॉकचा अल्बम हिंदीत केला, त्यामागंही मला हीच ओढ दिसते. रॉक-मेटल करायचं तर इंग्रजीतच, हा आपल्याकडचा समज अशा अल्बमांपुढं टिकत नाही.

आता दोष. काकांची तक्रार खरी आहे. तंतुवाद्यं, समूहस्वर, कीबोर्ड यांची मधल्या भागात दाटी होते आणि दोन-तीन ठिकाणी गाणं श्वास घ्यायचं विसरतं. टूलरूमवाल्या मित्राचं मात्र मी अर्धंच मान्य करतो. गर्जना नाही म्हणून धार नाही असं नव्हे. ‘शार्लटान’ ऐका. खर्जातला तो तुटक रिफ पायाला ठेका धरू देत नाही. दोन प्रेस वेगवेगळ्या गतीनं चालाव्यात, ठोके जुळले असं वाटावं आणि पुन्हा सुटावेत, तसं होतं. हार्डनिंग तिथं आहे, फक्त ते घशात न करता लयीत केलंय. मित्राला मी हेच गाणं परत ऐकवलं. तो म्हणाला, “हे एक चालेल.” पुढं 2024च्या नोव्हेंबरात ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’मध्ये गर्जना परत आली, तेव्हा त्याचा मला सकाळी सहाला फोन आला, फर्स्ट शिफ्टला निघायच्या आधी. इतका आनंद त्याला इन्क्रिमेंटलाही झाला नव्हता.

पाचवं गाणं ‘मिन्नेट्स यूता’ मुद्दाम शेवटी ठेवलं. नावाचा अर्थ स्मृतीचा पृष्ठभाग. पियानोवर हलक्या आवाजात सुरू होतं आणि शेवटी बँडमधल्या फ्रेडरिक ओकेसनची गिटार बोलू लागते. तो घाईत नाही. एक सूर लावतो, तो विझत जाईपर्यंत थांबतो, मग दुसरा. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री मोशीच्या पुलावरून बस जाते तेव्हा हे गाणं लागलेलं असलं की आसपासचे झोपलेले चेहरे, खिडकीवरचं डोकं, मांडीवरचा रिकामा डबा, सगळं त्या गिटारीचं होऊन जातं. इथं दोन भाषांचा वादच मिटतो, कारण त्या शेवटच्या मिनिटांत कुठल्याच भाषेतला शब्द नाही.

तर ऐकणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. दहाही गाणी आधी स्वीडिशमधून ऐका, ओळीनं, एका बैठकीत. मग शीर्षकांचे अर्थ पाहा. त्यानंतर इंग्रजी लावा आणि कुठं काय निसटलं ते स्वतः शोधा. तुमचं मत माझ्यापेक्षा वेगळं झालं तर तेही या अल्बमला धरूनच असेल, कारण त्याचं सातवं गाणं आधीच सांगून बसलंय: कुठलंच सत्य सगळ्यांचं नसतं.