शेवटच्या कडव्यातला माणूस

अमेरिकेत ‘कंट्री म्युझिक’ नावाचा गाण्याचा एक प्रकार आहे. इथे कंट्री म्हणजे देश नव्हे, खेडं. गिटार गळ्यात अडकवायची, स्वतः रचलेलं गाणं स्वतःच्याच आवाजात म्हणायचं आणि त्यात बायको सोडून गेली, नोकरी गेली, रात्रीची शेवटची आगगाडीही गेली, अशी गेलेल्या गोष्टींची यादी सांगायची. ती ऐकून ट्रक ड्रायव्हरांनी डोळे पुसायचे आणि प्राध्यापकांनी नाक मुरडायचं, अशी तिकडची कामाची वाटणी. या गाण्यातला फार मोठा माणूस म्हणजे हँक विल्यम्स. जन्म १७ सप्टेंबर १९२३, अलाबामा राज्य.

आता १७ सप्टेंबर ही तारीख मराठवाड्यातल्या माणसाला पाठ करावी लागत नाही. त्या दिवशी आम्ही मुक्तिदिनाचं झेंडावंदन करतो. म्हणून हँकची जन्मतारीख वाचली आणि मला लगेच दुसऱ्या एका झेंडावंदनाच्या दिवशी जन्मलेला गाणारा आठवला. वामन तबाजी कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. म्हणजे हँकपेक्षा बरोबर एक वर्ष, एक महिना आणि दोन दिवसांनी थोरले. आणि देश स्वतंत्र झाल्यावर निजामाच्या राज्यातलं आमचं देगलूर मोकळं व्हायला वेळ किती लागला? १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८. एक वर्ष, एक महिना, दोन दिवस! या योगाचा अर्थ पंचांगवाल्यांनी लावावा. मला एवढंच दिसतं की या दोन माणसांचं दुकान एकाच मालाचं होतं. शब्द स्वतःचे, गळा घरचा आणि चाल मिळेल ती.

हँकला गाणं शिकवलं रुफस पेन नावाच्या, रस्त्यावर गाणाऱ्या एका काळ्या माणसानं. स्वरलिपी त्याला कधी वाचता आली नाही. वामनदादांची अडचण त्याच्याही अलीकडची होती. त्यांना अक्षरच वाचता येत नव्हतं. आईबरोबर मुंबईला आले, शिवडीच्या चाळीत राहिले, मिळेल ते काम केलं. तिथे एकदा कुणीतरी वाचून दाखवा म्हणून पत्र पुढे केलं आणि हा तरणाताठा गडी खाली मान घालून उभा राहिला. ती लाज इतकी झोंबली की त्यांनी एका मास्तरांकडून बाराखडी गिरवून घेतली आणि पुढचा अभ्यास मुंबईच्या दुकानांच्या पाट्यांवर केला. आमच्याकडे मराठीचे पाठ्यपुस्तक मंडळ आहे, अभ्यासक्रम समिती आहे, समितीची उपसमिती आहे. पण ‘येथे सुके मासे मिळतील’, ‘येथे धार लावून मिळेल’ अशा पाट्यांवरून मराठी शिकलेला कवी मला दुसरा ठाऊक नाही. दादांची भाषा वाचताना (खरं म्हणजे ऐकताना) या शिक्षणाचा फायदा कळतो. पाटीवर लांबण लावून चालत नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला चालता चालता कळलं पाहिजे. दादांच्या ओळीही तशाच, चालत्या माणसाला कळणाऱ्या.

त्यांनी पहिलं गाणं केलं १९४३ साली, आणि ते होतं एका हिंदी सिनेगीताचं विडंबन! विनोदी लेख लिहिणाऱ्या आम्हा मंडळींना यानं केवढा धीर येतो म्हणून सांगू. पुढे ज्याची गाणी महाराष्ट्रभर भीमजयंतीला गाजली, तो कवी मूळचा आमच्या गोत्रातला निघाला. विडंबनाला मान असो नसो, एक गोष्ट त्यात पक्की शिकायला मिळते. लोकांच्या ओठांवर असलेली चाल उचलायची आणि तिच्यात आपला माल भरायचा. चाल शिकवायचा वेळ वाचतो. दादांनी आयुष्यभर हेच केलं. सिनेमाची चाल, कव्वालीची चाल, लावणीचा ठेका, गझलेचं वजन. डब्बा कुणाचाही, भाकरी आपली.

आता समीक्षा म्हटली की दोष दाखवायलाच हवेत, नाहीतर संपादक लेखाला ‘गौरवपर’ म्हणतात. दादांच्या गाण्यांची संख्या दहा हजारांच्या घरात सांगतात. १९४३ ते २००४ ही एकसष्ट वर्षं धरली, तर सरासरी सव्वादोन दिवसांना एक गाणं पडतं. मी सव्वादोन दिवसांत एक पोस्टकार्ड पुरं करत नसे. तेव्हा या ढिगात सगळंच सोनं असेल असं म्हणणं म्हणजे दादांनाही न आवडणारी खुशामत. काही गाण्यांत यमक आधी आलेलं दिसतं आणि अर्थ मागून धापा टाकत येतो. काही गाणी म्हणजे निव्वळ जयंतीची दवंडी. काहींत तीच उपमा तिसऱ्यांदा धुऊन वाळत घातलेली.

पण ज्या गाण्यांत ते चढले, तिथे असे चढले की खाली उभं राहून टोपी सांभाळावी. बिर्ला, बाटा आणि टाटा यांना भर सभेत नावानिशी हाक मारून आमचा वाटा कुठाय म्हणून हिशेब मागणारं त्यांचं गाणं घ्या. अर्थशास्त्राचे जाडे ग्रंथ ज्या प्रश्नाला तळटिपा देत बसतात, तो प्रश्न या माणसानं ढोलकीच्या एका आवर्तनात बसवला. आणि त्याहून मोठं ते गाणं, ज्यात बाबासाहेबांच्या विरोधकांना नव्हे तर अनुयायांनाच धारेवर धरलं आहे. आपल्याच जयंतीच्या मांडवात, आपल्याच माणसांसमोर, हार घालून घेतल्यावर त्यांनाच तुम्ही कमी पडलात म्हणून सुनवायचं! आमच्याकडे पाहुणे व्याख्याते आधी मानधनाचं पाकीट चाचपतात आणि मग आयोजकांची स्तुती करतात.

मात्र मला दादांविषयी जे सांगायचं आहे, ते या गाण्यांच्या शेवटच्या कडव्याविषयी आहे. कितीतरी गाण्यांच्या शेवटी ते ‘वामन’ म्हणून स्वतःचं नाव ओवतात. १९७३ साली ‘वाटचाल’ हा त्यांचा गीतसंग्रह आला, १९७६ साली ‘मोहळ’, आणि १९७७ साली आला त्याचं तर नावच ‘हे गीत वामनाचे’. पुण्यामुंबईकडच्या एखाद्या नवकवितेच्या वाचकाला हा आत्मप्रौढीचा प्रकार वाटेल. नवकवी स्वतःचं नाव कवितेत घालत नाही, मुखपृष्ठावर घालतो, तेही मोठ्या टायपात.

देगलूरच्या माणसाला मात्र हे समजावून सांगावं लागत नाही. आमचं गाव अशा जागी वसलं आहे की सकाळी मराठीत दूध घ्यावं, दुपारी उर्दूत कापड घ्यावं आणि आठवडी बाजारात तेलुगू-कानडीत मिरचीची घासाघीस करावी. पलीकडे तेलंगण, खाली कर्नाटक. आणि या चारही भाषांत शेवटी सही करायची पद्धत आहे. देगलूरकर म्हटलं की पंढरपुरात धुंडा महाराजांचं कीर्तन आठवतात, आणि कीर्तनातल्या अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ आलं की झोपलेला श्रोताही टाळी वाजवायला जागा होतो. उर्दू गझलेच्या शेवटच्या शेरात शायराचं तखल्लुस येतं. तेलुगूत वेमनाच्या पद्याच्या शेवटी वेमाची हाक असते. कानडी वचनांत अंकित असतं. बसवण्णांनी तर स्वतःच्या नावाऐवजी आपल्या देवाचं, कूडलसंगमदेवाचं नाव तिथे घातलं. नाशिक जिल्ह्यातल्या वामनदादांनी ही चार गावांची रीत उचलली, असं नाही. कागदावर न राहता तोंडातोंडी फिरणाऱ्या कवितेला मालकाचं नाव सांभाळायला दुसरी जागाच नसते. पिशवी हरवेल म्हणून आपण पोराच्या शर्टाच्या आतल्या बाजूला नाव टाकतो ना, तसं.

इथे पुन्हा हँक विल्यम्सकडे वळतो. तो गेला १ जानेवारी १९५३ ला, मोटारीच्या मागच्या सीटवर, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी. पण नॅशव्हिलमध्ये त्याची गाणी छापणारी, त्यांचे हक्क सांभाळणारी एक कंपनी होती, अकफ-रोज नावाची. रेकॉर्ड विकली की हिशेब लागायचा. त्याच्या पश्चात त्या हक्कांवरून घरातल्या घरात कोर्टकचेऱ्या झाल्या. कोर्टात भांडावं एवढं काहीतरी मागे राहिलं, हेही कवीच्या बाबतीत भाग्यच म्हणायचं. वामनदादा ८१ वर्षं जगले, १५ मे २००४ ला गेले. आपल्या कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याचा हक्क राहतो. म्हणजे २०६४ सालच्या अखेरपर्यंत ही गाणी कागदोपत्री राखीव आहेत. पण देगलूरच्या मिरवणुकीत कितव्यांदा कुठलं गाणं वाजलं, हे मोजायला कारकून कुठून आणायचा? दादांचा कारकून, वकील आणि प्रकाशक म्हणजे ते शेवटचं कडवं. तेवढं शाबूत असेपर्यंत गाणं त्यांचं.

आणि नेमकं तेच आधी कापलं जातं. तव्याच्या रेकॉर्डवर तीन-सव्वातीन मिनिटं मावत. कॅसेटवर एका बाजूला जास्त गाणी बसवायची घाई. आता डीजे आला. डीजेला कडवं नसतंच, नुसतं धृपद असतं, आणि ते काळजाच्या ठोक्याला धक्का मारत पुन्हा पुन्हा येतं. मागे एका मिरवणुकीत गाडीवरच्या पोराला मी खालून ओरडून विचारलं,

“कुणाचं गाणं लावूलालास रे?”

“पेन ड्राइव्हमदलं हाय सर!”

“अरे, लिहिलं कुणी?”

तो वाकून म्हणाला, “लिवल्यालं न्हाई सर. गायल्यालं हाय.”

मी पुढे काही बोललो नाही. वामनदादांवर एवढं नेमकं वाक्य मला कुठल्याही परिसंवादात ऐकायला मिळालेलं नाही. उलट एका परिसंवादात एका विद्वानांनी, या गीतांत ‘प्रतिमांची तरलता’ आढळत नाही, अशी खंत पाऊण तास व्यक्त केली होती. मासा पाण्याबाहेर काढून त्याला चालता येत नाही म्हणण्यातला प्रकार. गायल्यालं ते गायल्यालंच राहतं. कागदावर उतरवलं की त्यातली ढोलकी, पेटी, मांडवातली हजार माणसं आणि दादांचं ते हात वर करून गाणं, सगळं गळून पडतं आणि उरलेल्या ओळींना आपण मार्क देत बसतो.

पण त्या पोराच्या उत्तरात एक धोकाही आहे. गायल्यालं आहे म्हणून ते कुणी रचलंच नाही, आभाळातून पडलं, असं होऊ लागतं. विद्वान त्याला ‘लोकगीत’ म्हणून कौतुकानं गौरवतात. लोकगीत हा मोठा सोयीचा शब्द आहे. लोकांचं म्हटलं की एकाचं नाव घ्यावं लागत नाही, आणि मानधन कुणाला द्यायचं हा प्रश्नही मिटतो.

मराठवाड्यानं तरी हे नाव घ्यायला विसरू नये. नावाचं मोल आम्हाला स्वस्तात कळलेलं नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरं पेटली. आमच्याच नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना मारलं गेलं. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधली साडेपंधरा वर्षं मोर्चे निघत राहिले आणि त्यांत गाणी म्हटली जात राहिली. घर जळालं की वही जळते. पाठ असलेलं गाणं तेवढं अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडतं. एका नावासाठी माणसं एवढी भांडली, मेली. आणि ज्याला पत्र वाचता येत नव्हतं, ज्यानं पाट्यांवरून अक्षरं वेचली, त्या माणसानं ती अक्षरं जुळवून आपलं जे तीन अक्षरी नाव शेवटी ठेवलं, ते मिरवणुकीला उशीर होतो म्हणून कापायचं?

म्हणून माझी वाद्यवाल्या, डीजेवाल्या आणि झालंच तर अभ्यासक्रमवाल्या मंडळींनाही एक विनंती आहे. कडवी सगळी घ्या असा हट्ट नाही. वेळ नसेल तर मधलं कापा. शेवटचं ठेवा. ही विनंती मी त्या गाडीवरच्या पोरालाही करून पाहिली. तो विचारात पडला. म्हणाला, “सर, शेवटचं येईस्तोवर गाडी पार बसस्टँडापत्तोर जातीय.”

म्हटलं, जाऊ दे. मी येतो तिथवर.