नाव छापले म्हणजे पत्र झाले काय?

भिवंडी-ठाणे रस्त्याच्या पट्ट्यात राहनाळ हे गाव आहे. हा सारा परिसर गोदामांचा. एकाच मापाची शेकडो खोकी आणि प्रत्येकावर वेगळ्या नाव-पत्त्याची चिठ्ठी, हे इथले नेहमीचे दृश्य. खोके कोणाकडे जायचे ते चिठ्ठीवरून ठरते. आत काय आहे, हे चिठ्ठी चिकटवणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नसते. गोदामाला ही पद्धत शोभते. पण हीच पद्धत शाळेच्या पत्रव्यवहारात शिरली तर? एकाच वेळी शेकडो पालकांना, प्रत्येकाच्या नावाने, स्वतंत्र जोडपत्रासह ई-मेल पाठवण्याची सोय आता कोणत्याही शाळेला उपलब्ध आहे. तिचे कौतुक पुष्कळ झाले. आम्हाला येथे तिची थोडी परीक्षा करायची आहे.

आधी तिचे तंत्र पाहू. त्यासाठी दोनच गोष्टी लागतात : एक साचा आणि एक तक्ता. साच्यात पत्राचा मजकूर असतो आणि नाव, इयत्ता, गुण यांसाठी रिकाम्या जागा असतात. तक्त्यात प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ असते. संगणक एक ओळ वाचतो, रिकाम्या जागा भरतो, पत्र तयार करतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. याला ‘मेल मर्ज’ म्हणतात. १९८०च्या दशकात वर्डस्टार वापरणाऱ्यांनाही ही सोय माहीत होती. फक्त तेव्हा पत्रे कागदावर छापली जात. आता संगणक त्याच ओळीवरून गुणपत्रक किंवा प्रमाणपत्रही भरतो, त्याची पीडीएफ करतो आणि ई-मेलला जोडून रवाना करतो.

ही जोडणीही मोठी गमतीची आहे. ई-मेलची मूळ व्यवस्था केवळ साध्या मजकुरासाठी होती. चित्र, आवाज वा अन्य फाइल पत्रासोबत कशी पाठवावी याचे ‘माइम’ नावाचे नियम नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये मांडले. त्यानुसार फाइलमधील दर तीन बाइटांची चार साधी अक्षरे केली जातात, आणि दुसऱ्या टोकाला त्यांची पुन्हा मूळ फाइल बनते. म्हणून तीन एमबीची फाइल प्रवासात सुमारे चार एमबीची होते. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला सुमारे ५०० जणांनाच पत्रे जाऊ शकतात, हेही शाळांनी लक्षात ठेवावे.

तंत्र उत्तम आहे, यात शंका नाही. आमचा आक्षेप तक्त्यात आपण काय भरतो याला आहे.

२०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातील शिक्षकांच्या ई-मेलमध्ये प्रमाणपत्रांचा अक्षरशः पाऊस पडला. ऑनलाइन प्रश्नमंजूषा सोडवा, व्याख्यान ऐका, अर्ज भरा. काही क्षणांत आपले नाव घातलेले रंगीत प्रमाणपत्र हजर! नाव आपणच टंकलेले, यंत्राने फक्त ते साच्यात बसवले. अर्जात दुसऱ्याचे नाव लिहिले असते, तर प्रमाणपत्र त्याच्या नावाने निघाले असते. असे प्रमाणपत्र काय सिद्ध करते? कोणीतरी अर्ज भरला, एवढेच. तरीही आपण ती जपून ठेवली, कारण त्यांवर आपले नाव होते. नाव दिसले की कोणीतरी आपली दखल घेतली असे वाटते. या तंत्राचे सामर्थ्य त्यातच आहे आणि फसवणूकही.

याहून गंभीर गोष्ट मुलांच्या नोंदींची. शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला आणि त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक मुलाकडे लक्ष देऊन वर्णनात्मक नोंद लिहावी, ही त्यामागची कल्पना अतिशय चांगली. प्रत्यक्षात काय झाले? तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या आणि त्यांतील वाक्ये मुलांच्या नावांपुढे उतरवली जाऊ लागली. मोठ्या पटाच्या वर्गात, इतर कामांच्या ओझ्याखाली, शिक्षकांनी हा मार्ग धरला तर दोष केवळ त्यांचा नाही. पण अशा नोंदी आता तक्त्यात भरून सुबक पीडीएफमधून घरी गेल्या, तर उसनेपणावर व्यक्तिगत पत्राचा मुलामा चढेल. पालक समजतील, बाईंनी आमच्या मुलीविषयी लिहिले. बाईंनी तर यादीतले वाक्य निवडलेले असेल!

दुसरा धोका साधा आहे, पण त्याची जखम खोल. तक्त्यातील एकच स्तंभ चुकून वर-खाली झाला, तर एकाचे गुणपत्रक दुसऱ्याच्या घरी जाते. यंत्राला त्यात काहीच खटकत नाही. गोदामातील चुकलेले खोके परत मागवता येते. वाचले गेलेले गुणपत्रक परत मागवता येत नाही. म्हणून नावावर विसंबू नये. एका वर्गात एकाच नावाची दोन मुले असतात. जोडपत्राची फाइल आणि तक्त्यातील ओळ यांची गाठ रजिस्टर क्रमांकाने घालावी. सर्व पत्रे आधी स्वतःच्याच पत्त्यावर पाठवावीत, त्यांतील काही उघडून पडताळावीत आणि मगच पुढे सोडावीत.

वर्गात यावर छान कृती घेता येईल. फळ्यावर पत्राचा साचा लिहा. शेजारी पाच काल्पनिक मुलांचा तक्ता काढा : नाव, आवडता विषय, गुण. विद्यार्थ्यांना ‘संगणक’ होऊन पत्रे भरू द्या. मग फक्त नावांचा स्तंभ अकारविल्हे लावा, बाकीचे स्तंभ तसेच ठेवा आणि पुन्हा पत्रे भरायला सांगा. प्रत्येक पत्र दिसायला निर्दोष असेल, पण त्यातील माहिती बहुधा दुसऱ्याचीच असेल. माहिती शुद्ध दिसणे आणि खरी असणे यांतील फरक मुलांना याहून सोप्या रीतीने क्वचितच कळेल.

मग हे तंत्र टाकून द्यावे काय? मुळीच नाही. भिवंडी परिसरात मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. तक्त्यात घरच्या भाषेचा एक स्तंभ वाढवला आणि त्या त्या भाषेतील साचा जाणकाराकडून लिहून घेतला, तर प्रत्येक घरी समजेल असे पत्र जाईल. ज्या पालकांना ई-मेल उघडण्याची सवय नाही, त्यांच्यासाठी त्याच पत्राची छापील प्रत मुलाच्या दप्तरातून पाठवावी. वेगळेपण असावे तर असे, वाचणाऱ्याच्या उपयोगी पडणारे.

शिक्षकमित्रांसाठी एक कसोटी सुचवतो. पत्रे पाठवण्यापूर्वी त्यांतील चार-पाच घ्या, नावे झाकून स्वतःच वाचा. कोणते पत्र कोणत्या मुलाचे, हे ओळखता आले तर खुशाल पाठवा. ओळखता आले नाही, तर यंत्राला थोडे थांबवून आधी त्या मुलांकडे पाहिले पाहिजे.