स्नायुपेशींच्या विकासातील रायबोसोमनिर्मिती : एका निष्कर्षाची चिकित्सा

स्नायुजनक पेशी विभाजन थांबवून परस्परांत मिसळू लागल्या, की त्यांच्यातील रायबोसोमी आरएनएची निर्मिती मंदावते. लार्सन, रॉथब्लम प्रभृतींनी १९९३ मध्ये एल-६ पेशींत दाखविले, की या मंदीबरोबरच यूबीएफ हा प्रतिलेखन-घटकही घटतो. निरीक्षण निर्विवाद आहे. परंतु त्यावरून 'विकासच निर्मितीस आवर घालतो' असा जो निष्कर्ष सर्रास काढला जातो, तो तपासून घ्यावयास हवा. पेशींना विकासाकडे वळविण्यासाठी संवर्धनद्रवातील सीरमच घटवितात. सी२सी१२ पेशींसाठी ते बहुधा २ टक्के घोड्याच्या सीरमवर आणले जाते. वाढीचे घटक आटले म्हणजे आरएनए पॉलिमरेज-१ चे कार्य मंदावतेच, मग पेशी स्नायूची असो वा नसो. तेव्हा मंदी उपासमारीची की विकासाची? (तेवढ्याच सीरममधील, विकास न पावणाऱ्या पेशी तुलनेस घेणे ही काही फार मोठी अपेक्षा नव्हे.) मायोडी व मायोजेनिन ही प्रथिने रायबोसोमी जनुकांवरच बसून प्रतिलेखन दडपतात, हा २००८ मधील पुरावा या दृष्टीने अधिक वजनदार होय.

दुसरा घोटाळा वेग आणि साठा यांचा. रायबोसोम कित्येक दिवस टिकतात. निर्मिती निम्म्यावर आली म्हणून साठा लागलीच निम्मा होत नाही, आणि विभाजन थांबल्यावर तो कन्यापेशींत वाटलाही जात नाही. मायोसिनादी प्रथिनांचा भार नवी स्नायुनलिका बव्हंशी याच साठ्यावर पेलते. चिन्हांकित युरिडीनने मोजला जातो तो केवळ वेग. प्रतिकेंद्रक रायबोसोमांची मोजदाद जेथे दिलेली नाही, तेथे 'घट' कशाची, हे लेखकाने सांगितलेलेच नसते.