ईश्वरी इशारा आणि बनियनचें आत्मवृत्त

जॉन बनियनचें नांव महाराष्ट्राला नवें नाहीं. त्याच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'चें हरि केशवजींनीं केलेलें 'यात्रिकक्रमण' हें भाषांतर १८४१ मध्येंच मराठींत आलें. मूळ रूपककथा १६७८ ची. तिच्या आधीं बारा वर्षें, धर्मोपदेशाबद्दल बेडफर्डला तुरुंगवास भोगीत असतां, बनियननें 'ग्रेस अबाउंडिंग' हें आत्मवृत्त लिहिलें. ईश्वराचा इशारा मिळाल्यावर मनुष्य काय करतो, या प्रश्नाचें इतकें निर्भीड उत्तर आम्हांस इतरत्र क्वचितच आढळलें आहे.

भांडीं दुरुस्त करणारा हा तरुण एका रविवारीं विटीदांडूसारखा खेळ खेळत असतो. विश्रांतिवार न पाळण्याच्या पापावरील प्रवचन त्यानें त्याच दिवशीं ऐकलेलें असतें, पण पोटभर जेवल्यावर तें मनांतून गेलेलें असतें. एक टोला मारून दुसरा मारणार, इतक्यांत पापें सोडून स्वर्गास जाणार कीं पापांसह नरकास, असा सवाल त्याच्या अंतरांत घुमतो. एखाद्या भाविक चरित्रकारानें येथेंच त्याला गुडघे टेकावयास लावलें असतें. बनियन मात्र खरें तें सांगतो. क्षमेची वेळ टळलीच आहे. मग थोड्या पापांपेक्षां पुष्कळ पापांसाठीं नरकांत गेलेलें काय वाईट, असा हिशेब करून तो पुन्हां खेळूं लागतो!

पुढें एका दुकानाच्या खिडकीपाशीं तो शिव्याशाप देत असतां, स्वतःच बदलौकिकाची असलेली एक बाई त्याला बजावते कीं, तुझ्या संगतीनें गांवचीं सारीं पोरें बिघडतील. तो शरमेनें मान खालीं घालतो आणि ती खोड सुटते. आकाशवाणीनें जें झालें नाहीं, तें एका पतित बाईच्या बोलण्यानें झालें.

घंटा वाजविण्याचा प्रसंग तर अपूर्व आहे. तो नाद पाप वाटून त्यानें सोडला, तरी पाहण्याचा मोह सुटेना. घंटा अंगावर पडेल म्हणून तो तुळईखालीं उभा राही; ती भिंतीवर आदळून उसळेल म्हणून दारांत येई; शेवटीं मनोराच कोसळेल या धास्तीनें तेथूनहि पळे. भीति माणसाला जागा बदलावयास लावते. मन बदलण्याचें सामर्थ्य तिच्यांत नाहीं. तें सामर्थ्य त्याला दिसलें बेडफर्डच्या एका दारांत उन्हाला बसून देवाच्या कृपेविषयीं आनंदानें बोलणार्‍या गरीब स्त्रियांत.

पुस्तकांत दोष नाहीं असें नव्हे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांतील एसावाचा दाखला आपल्यालाच लागू आहे, या कल्पनेनें तो दीर्घकाळ तळमळतो. तो भाग पुनरुक्तीमुळें वाचकाला थकवितो. पण त्या थकव्यांतच ग्रंथाचें मर्म आहे. खेळाच्या मैदानावर त्यानें जी चूक केली, तीच येथें पुन्हां केली: इशारा हाच निकाल समजला. वस्तुतः निकाल लागला असता तर बजावण्याचें प्रयोजनच उरलें नसतें. बजावणारा अजून वाट पाहत आहे, हाच इशार्‍याचा पहिला अर्थ. शेवटीं कृपा पुरेशी असल्याचें आश्वासन त्याच्या मनांत उतरतें, तेव्हां त्याला हें उमगतें.

धर्माच्या नांवानें मुलांना केवळ भय घालणार्‍या वडीलधार्‍यांनीं, मग ते कोणत्याहि पंथाचे असोत, हें लहानसें पुस्तक अवश्य वाचावें.