नाण्यांची प्रतवारी आणि आमची शिवराई

जुन्या वस्तूंची आवड आणि जुन्या वस्तूंचे ज्ञान या दोन गोष्टी एकाच घरी नांदतात असे नाही. ज्या ग्रंथाचे परीक्षण येथे करावयाचे आहे त्याने आवडीला पुष्कळ बळ दिले. ज्ञानाला किती दिले, याचा विचार मात्र आमच्या सातारा-सांगलीकडील नाणेसंग्राहकांनी अवश्य केला पाहिजे. विल्यम शेल्डन या अमेरिकन गृहस्थांचा हा ग्रंथ १९४९ साली प्रसिद्ध झाला व १९५८ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निराळ्या नावाने निघाली. १७९३ ते १८१४ या काळात त्या देशाच्या टांकसाळीतून निघालेला तांब्याचा एक सेंट, एवढाच त्याचा विषय. परक्या देशातील पैशावरचे इतके जुने पुस्तक आज हाती घेण्याचे कारण असे की, त्यात सांगितलेली प्रतवारी समुद्र ओलांडून आमच्या शिवराईपर्यंत येऊन पोहोचली आहे.

प्रथम ग्रंथाचे गुण सांगणे न्याय्य होईल. त्या काळी सेंटचे ठसे कारागीर हाताने कोरीत. त्यामुळे एकाच सालच्या नाण्यांतही अक्षरांची मांडणी, आकड्यांची ठेवण यांत भेद पडे. शेल्डन यांनी हे भेद डोळ्यांत तेल घालून टिपले आणि प्रत्येक ठशाच्या जोडीस क्रमांक दिला. हे क्रमांक अभ्यासक आजही वापरतात. एका क्षुद्र पैशाकडे इतक्या आदराने पाहता येते, हे या ग्रंथाने शिकविले. त्याबद्दल त्याचे ऋण मान्य केले पाहिजे.

परंतु ग्रंथाची कीर्ती झाली ती त्यातील दुसऱ्या कल्पनेमुळे. जे नाणे केवळ ओळखू येण्यापुरते उरले आहे त्याला १, आणि टांकसाळीतून निघाले त्याच स्थितीत निर्दोष राहिलेल्याला ७०, असे गुण देण्याची ही योजना. या अंकाने नाण्याच्या मूळ किमतीस गुणावे की बाजारभाव निघाला! १७९४ चा अगदी झिजलेला सेंट एक डॉलरला, तर सर्वोत्तम सेंट सत्तर डॉलरला, असा हिशेब होता. शेल्डन हे व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ. मनुष्याच्या देहाचे तीन घटक कल्पून, प्रत्येकास १ ते ७ असे गुण देऊन, त्यावरून स्वभाव सांगण्याचा खटाटोपही त्यांनी केला होता. तो सिद्धांत आज शास्त्रज्ञ मानीत नाहीत. किमतीचे गणितही थोड्याच वर्षांत कोलमडले, कारण उत्तम नाण्यांचे भाव बेसुमार वाढत गेले. मात्र अंक तेवढा शिल्लक राहिला. १९७० नंतरच्या दशकात तेथील नाणेसंग्राहकांच्या मुख्य संस्थेने तो स्वीकारला, आणि १९८६ च्या सुमारास नाणे पारदर्शक डबीत बंद करून त्यावर अंक छापून देण्याचा व्यापार भरभराटीस आला.

आता हीच मोजपट्टी शिवराईला लावून पाहू. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या काळापासूनचे हे तांब्याचे नाणे. एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचे कडे. वजन साधारण दहा ते तेरा ग्रॅम. ठशाच्या मानाने तांब्याची चकती बहुधा लहान असे; म्हणून एखादे अक्षर किंवा कड्याचा भाग चकतीबाहेरच राही. अशी शिवराई टांकसाळीतून निघाली त्या दिवशीच अपुरी होती. तिच्या अंगावर नसलेले अक्षर झिजले नाही; ते कधी उमटलेच नाही. झीज मोजणारा अंक हा भेद कोठून दाखविणार?

याहून मोठी अडचण निराळीच आहे. अमेरिकन सेंटच्या तोंडावर त्याचे साल असते. शिवराईवर सामान्यतः ना साल, ना टांकसाळीचे नाव. महाराजांनंतर तीच अक्षरे त्यांच्या वंशजांच्या काळी पडत राहिली. १७०८ साली साताऱ्यास शाहूमहाराजांचा राज्याभिषेक झाल्यानंतरही पडली. पेशवाईत टांकसाळी मक्त्याने खासगी लोकांस दिल्या जात. तेव्हा अनेक हातांनी तोच लेख कोरला, आणि कोठे ‘शिव’ तर कोठे ‘सिव’ झाला. दोन आडव्या रेघांची दुदांडी शिवराई त्यानंतरची. मग हातातली शिवराई कोणत्या काळची, हे ठरवावे कसे? अक्षराच्या वळणावरून, वजनावरून, आणि सर्वांत अधिक म्हणजे ती कोठे, कशाच्या सोबतीने सापडली यावरून. सेंटचे साल त्याच्या कपाळी आहे. शिवराईचे साल ज्या मातीत ती पडली होती त्या मातीत आहे.

म्हणून वाईपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठी एखाद्या शेतात नांगराच्या फाळाला गाडगे लागते आणि त्यातली नाणी पाच ठिकाणी पांगतात, तेव्हा जी हानी होते ती कोणत्याही अंकाने भरून निघत नाही. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे; पण भीती आणि लोभ या दोहोंपुढे कायदा दुबळा ठरतो. उरलेले काम आमच्या घरांतील भाविकपणा करतो. देव्हाऱ्यातली शिवराई दसऱ्याला चिंच आणि राख लावून लखलखीत होते, आणि शतकांनी चढविलेला काळसर लेप, त्याबरोबर अक्षरांच्या कडाही, मोरीत वाहून जातात. विकणाराही तेच करतो, कारण चकाकीला भाव आहे.

वाचकांस वाटेल की, प्रतवारीने निदान खरेपणाची हमी तरी मिळते. या संबंधात एक कटू हकीकत सांगणे भाग आहे. शेल्डन १९७७ साली वारले. पुढे असे उघडकीस आले की, न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी त्यांनी हलके सेंट ठेवले होते. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले व संस्थेचा दावा मान्य झाला. ही लबाडी पकडली ती गुणांच्या अंकांनी नव्हे. जुन्या छायाचित्रांशी एकेक नाणे ताडून पाहिले, तेव्हा ती पकडली गेली. ज्यांनी प्रतवारी निर्माण केली त्यांच्यापासूनच संग्रह वाचविण्यास अखेर नोंदच उपयोगी पडली, याहून बोलका पुरावा कोणता हवा?

आमचा अभिप्राय असा की, शेल्डन यांच्या ग्रंथाचा पूर्वार्ध घ्यावा आणि उत्तरार्ध सोडावा. ठशांचा त्यांनी केला तसा सूक्ष्म अभ्यास शिवराईचा अधिक व्हावयास हवा. नाशिकजवळ अंजनेरीस नाणकशास्त्राचे संशोधन करणारी संस्था आहे, पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. पण त्यांच्या हाती सामग्री जावयाची ती घराघरांतून. ज्या प्रदेशाचे १९४९ साली उत्तर आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, व ज्याचा दक्षिण भाग १९६० पासून सांगली जिल्हा म्हणून ओळखला जातो, तेथील कितीतरी कुटुंबांच्या पेटीत शिवराया असतील. त्या घासू नयेत. दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, वजन लिहावे, आणि आजीला विचारून ती कोणत्या गावाहून, कोणाकडून आली तेही चिठ्ठीवर टिपून ठेवावे. आजीची पिढी गेली की ही शेवटची माहिती विचारावयास कोणी उरणार नाही. झिजलेल्या शिवराईला बाजारात गुण थोडे मिळतील. परंतु ती झिजली ती आमच्याच आठवडेबाजारांत, आमच्याच पूर्वजांच्या बोटांनी. त्या झिजेची किंमत परक्या पट्टीने कमी ठरवून घेण्याची आम्हांस गरज नाही.